ब्रेटफर्टनचे 'द फ्लीस इन'

इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यात, ईव्हशॅमच्या पूर्वेस ब्रेटफर्टन हे लहानसे खेडे आहे. तेथील चौकातील 'द फ्लीस इन' हा पब म्हणजे मूळचे एका शेतकऱ्याचे घर. लाकडी चौकटीचे आणि अंशतः गवताने शाकारलेले हे घर पंधराव्या शतकात बर्ड घराण्याने बांधले. माणसे आणि जनावरे तेव्हा एकाच छपराखाली राहत. मद्यविक्रीचा परवाना या घराला १८४८ मध्ये मिळाला. पब हा शब्द 'पब्लिक हाउस'चे संक्षिप्त रूप आहे, हे अशा वास्तूत शिरल्यावर खऱ्या अर्थाने पटते. हे आधी घर आहे, नंतर दुकान.

आतील दालने लहान आणि बुटकी. काळवंडलेल्या तुळया, दगडी फरशी, उंच पाठीची लाकडी बाके. एका दालनातील ओकच्या मांडणीवर प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूची स्टुअर्ट राजवटीच्या काळातील ताटे ओळीने लावलेली आहेत. १६५१ च्या वुस्टरच्या लढाईला निघालेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलने ती येथे ठेवली, अशी आख्यायिका सांगतात. तिला पुरावा मागू नये. शेकोटीपुढच्या फरशीवर पांढरी वर्तुळे काढलेली दिसतात. धुराड्यातून चेटकिणी घरात उतरू नयेत, यासाठी ती काढण्याची जुनी रीत.

या खोल्या टिकल्या, त्याचे श्रेय मुख्यतः लोला टॅपलिन या घराण्याच्या शेवटच्या वारसदार स्त्रीला जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मद्यनिर्मात्या कंपन्यांनी असंख्य जुन्या पबमधील भिंती पाडून एकच प्रशस्त दालन केले. त्या लाटेविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळींपैकी 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली. ऐतिहासिक अंतर्भाग असलेल्या पबच्या तिच्या राष्ट्रीय सूचीत 'फ्लीस'ची नोंद आहे. लोलाबाईंनी मात्र चळवळ वगैरे काही केली नाही, घरातले काही बदलू दिले नाही इतकेच. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मृत्युपत्रानुसार ही वास्तू 'नॅशनल ट्रस्ट'कडे आली. पब नेहमीसारखा चालू राहावा, ही त्यांची इच्छा होती. आणखी एक अट अशी, की येथे बटाट्याचे वेफर्स विकू नयेत! ही अट विक्षिप्त वाटेल. पण घर कुठून बाजारू होऊ लागते, हे त्यांना नेमके ठाऊक असावे.

वर्तुळांचा बंदोबस्त चेटकिणींपुरताच होता. २७ फेब्रुवारी २००४ रोजी शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि इमारतीचे मोठे नुकसान झाले. प्यूटरची भांडी व जुने सामान लोकांनी बाहेर काढले, म्हणून ते वाचले. पुढे पेच होता तो जीर्णोद्धाराचा. एवढी जुनी वास्तू जळाल्यावर तिचे वस्तुसंग्रहालय करणे सोपे असते. दोरी बांधावी, पाट्या लावाव्यात, तिकीट ठेवावे. ट्रस्टने तसे केले नाही. वास्तूचे व्यापक नूतनीकरण झाले, वाचलेल्या वस्तू परतल्या आणि जून २००५ मध्ये पब पुन्हा सुरू झाला.

ईव्हशॅमचे खोरे शतावरीच्या कुळातील अ‍ॅस्परॅगस या भाजीसाठी प्रसिद्ध आहे. वसंत ऋतूत या भाजीच्या जुड्यांचा लिलाव दरवर्षी याच पबमध्ये पुकारला जातो.