देश होण्याआधीची टीम

फोनवर फिफाची क्रमवारी उघडा आणि शेवटपर्यंत खाली जा. दोनशेहून जास्त संघ आहेत. पस्तीसेक हजार वस्तीचं सान मारिनो अगदी तळाशी सापडेल. रियुनियन मात्र सापडणार नाही. हिंदी महासागरातल्या या बेटावर आठ लाखांहून जास्त लोक राहतात. २०१६च्या युरो स्पर्धेत फ्रान्ससाठी गोल करणारा दिमित्री पाये इथेच जन्मला. बेटाची स्वतःची टीमही आहे. पण कागदोपत्री रियुनियन हा फ्रान्सचा एक जिल्हा, आणि जिल्ह्याला वर्ल्डकप खेळता येत नाही.

रियुनियनच्या शेजारी मॉरिशस आहे. मधलं अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे रत्नागिरीहून मुंबई सरळ रेषेत जितकी लांब तितकंच. मॉरिशस आज फिफात आहे. पण त्याची टीम खेळायला लागली तेव्हा तोही देश नव्हता, आणि गोष्ट त्या दिवसांची आहे.

रत्नागिरीत बसून मॉरिशसबद्दल का लिहायचं? कारण तिथली बरीच मराठी घराणी मूळची इथली. गुलामगिरी बंद झाल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते. १८३४पासून पुढची कित्येक दशकं हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली गेली, सगळी मिळून साडेचार लाखांच्या आसपास. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत, आणि त्यांत कोकणातली माणसं असत. आजही मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथली मराठी मंडळी गणपतीपुढे ‘झाकरी’ नाचतात. ओळखीचं वाटलं ना? आपली जाखडीच ती.

आता १९४७ साल. आपल्याकडे त्या वर्षी काय झालं ते सांगायला नको. तिकडे त्याच वर्षी मॉरिशस, रियुनियन आणि मादागास्कर यांच्यात एक त्रिकोणी स्पर्धा सुरू झाली. तिचं नावच ‘त्रियांग्युलेर’. मॉरिशसच्या टीमचा नोंदलेला पहिला सामना याच स्पर्धेतला. तो मादागास्करमध्ये झाला आणि मॉरिशसने रियुनियनला २-१ असं हरवलं.

यातल्या तिन्ही टीमकडे जरा नीट बघा. मॉरिशस ही ब्रिटिशांची वसाहत. रियुनियन आदल्याच वर्षी, १९४६मध्ये, वसाहतीचा फ्रेंच जिल्हा झालेलं. मादागास्कर ही फ्रेंचांची वसाहत, आणि तिथे १९४७च्या मार्चमध्ये फ्रेंचांविरुद्ध उठाव पेटलेला, जो पुढे फार क्रूरपणे चिरडला गेला. म्हणजे ही एक ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा होती जिच्यात राष्ट्र एकही नव्हतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मतदानाची गोष्ट. १९४७पर्यंत मॉरिशसमध्ये मताचा हक्क मूठभर मालमत्तावाल्यांनाच होता. ऊसतोडणी करणाऱ्या माणसाला बेटाच्या कारभारात काडीचंही स्थान नव्हतं. त्या वर्षी नवी राज्यघटना आली, साधं लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्री-पुरुषांना मत मिळालं आणि १९४८मध्ये त्यावर पहिली निवडणूक झाली. थोडक्यात, बहुतेक मॉरिशसवासीयांनी मतपेटी बघण्याआधीच बेटाच्या नावाने अकरा जण मैदानात उतरलेले होते. ‘आम्ही मॉरिशसचे’ असं म्हणायला तोपर्यंत अशा जागा किती होत्या? घरी तुम्ही भोजपुरी, तमिळ, मराठी किंवा क्रिओल होतात, मळ्यात मजूर होतात आणि सरकारदरबारी एक नंबर होतात.

त्रियांग्युलेर १९६३पर्यंत चालली आणि बहुतेक वेळा मॉरिशसनेच ती जिंकली. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ला आलं, पण बेट फिफात त्याआधीच पोचलं होतं. १९७४मध्ये ही टीम आफ्रिका चषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळली आणि तिन्ही सामने हरली. असो.

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्या अकरा जणांना घडवणारे क्लब कोणते, हे पाहिलं की चव बदलते. डोडो क्लब फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा, फायर ब्रिगेडचे पाठीराखे मुख्यतः क्रिओल. शिवाय हिंदू कॅडेट्स, तमिळ कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स. मराठी नावाचा मोठा क्लब नव्हता; आपला माणूस स्टँडच्या कुठल्या बाजूला बसत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. मुंबईत क्रिकेटची पेंटँग्युलर स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशीच खेळली जायची, ती १९४६मध्ये बंद पडली. मॉरिशसमध्ये मात्र ही पद्धत देश झाल्यावरही टिकली. ऐंशीच्या दशकात सरकारने क्लबांना नावातून धर्म-जमात काढायला लावली. मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब झाला. पाठीराखे तेच राहिले.

२३ मे १९९९ रोजी फायर ब्रिगेडने स्काउट्सना १-० हरवून लीग जिंकली. गोल पेनल्टीवरचा होता. त्यानंतर दंगल उसळली आणि पोर्ट लुईमधल्या ‘लामिकाल’ या जुगारघराला आग लावण्यात आली. सात जण मेले, त्यांत लहान मुलं होती. लीग थांबवली गेली. पुन्हा सुरू झाली ती गावा-विभागांच्या नावाने नव्याने बांधलेल्या क्लबांची. पण पूर्वीसारखी भरलेली स्टेडियमं परत आली नाहीत. माणसं घरी बसून इंग्लंडची प्रीमियर लीग बघू लागली. म्हणजे विष काढताना रक्तही बरंच गेलं, पण सात मृत्यूंनंतर दुसरं काय करता आलं असतं, मला सांगता येत नाही.

या कहाणीचा आणखी एक तुकडा आहे. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५मध्ये, ब्रिटनने त्यातली चागोस बेटं तोडून स्वतःकडे ठेवली. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना हलवलं गेलं. त्यांचे पाळलेले कुत्रे वायूने मारले आणि माणसांना जहाजातून नेऊन मॉरिशस आणि सेशेल्समध्ये उतरवलं. २००२च्या कायद्याने त्यांतल्या अनेकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं आणि बरेच जण लंडनच्या दक्षिणेला, गॅटविक विमानतळाजवळच्या क्रॉली गावात राहायला गेले.

त्यांनीही एक टीम उभी केली. फिफाबाहेरच्या संघांसाठी कोनिफा नावाची संघटना आहे. २०१६मध्ये तिच्या विश्वचषकात, अबखाझियात, चागोस बेटांची टीम खेळली आणि दणकून हरली. चागोसवरचे शेवटचे रहिवासी १९७३मध्ये गेले, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या कुणाचाही जन्म तिथला असणं शक्य नव्हतं. जर्सीवर मात्र बेटाचं नाव होतं.