पलटणीबाहेरून येणारा आवाज

सैन्यातल्या समलिंगी स्त्री-पुरुषांच्या हक्कांसाठी नामवंतांनी घेतलेल्या भूमिका, हा विषय मराठी अभ्यासकाला सुरुवातीला दूरचा वाटतो. पूर्णगडला बसून हे लिहिताना मला तो दूरचा वाटत नाही. मुचकुंदीच्या मुखावरचा हा लहानसा किल्ला ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात, दापोलीला, गोपाळबाबा वलंगकर राहत होते. इंग्रजांनी ‘लढाऊ जमातीं’चं तत्त्व पुढे करून महारांची भरती थांबवली, तेव्हा या निवृत्त हवालदाराने 1894 मध्ये ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडलं. सैन्यात कोण शोभतो हे ठरवायचं कोणी, हा प्रश्न कोकणाने फार आधी विचारलेला आहे.

दोन्ही अन्याय मात्र एकाच मापाने मोजू नयेत. जात भरतीच्या कागदावरच नोंदलेली असे. समलिंगी सैनिकाला स्वतःला लपवता येतं, आणि त्याच्याकडून नेमकी तीच अपेक्षा असते. वलंगकरांनी आपली मागणी अर्जात मांडली. आजच्या सेवेतल्या सैनिकाला ती वाट नाही. संविधानाचं कलम 33 सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मर्यादा घालू देतं, आणि लष्करी नियम वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधन आणतात. म्हणून इथे बाहेरच्यांचा आवाज महत्त्वाचा ठरतो.

तो आवाज किती काम करतो? अमेरिकेत 1993 साली आखलेल्या धोरणानुसार समलिंगी सैनिकाला गप्प राहिलं तरच सैन्यात राहता येई; तेरा हजारांहून अधिक जणांना त्यापायी बाहेर पडावं लागलं. 20 सप्टेंबर 2010 रोजी गायिका लेडी गागाने हे धोरण रद्द व्हावं म्हणून मेन राज्यातल्या पोर्टलंडला जाहीर भाषण केलं. मेनच का, तर तिथल्या दोन सिनेटरांची मतं निर्णायक होती. दुसऱ्याच दिवशी त्या दोघींनी विरोधात मत दिलं! नोव्हेंबरअखेर संरक्षण खात्याचा सैनिकांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल आला, आणि डिसेंबरमध्ये त्याच दोघींनी बाजूने मत दिलं. श्रेय कुणाचं? एका वाक्यात उत्तर देणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास नाही. सभेत गागाच्या बरोबर सैन्यातून काढलेले सैनिक होते, हे मला भाषणाइतकंच मोलाचं वाटतं.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्ध विक्रम सेठ यांनी 2006 मध्ये खुलं पत्र लिहिलं, चित्रा पालेकर इतर पालकांसोबत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 6 सप्टेंबर 2018 ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढच्याच जानेवारीत लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात समलिंगी संबंध चालू देणार नाही, असं पत्रकार परिषदेत सांगितलं. 1950 च्या आर्मी ॲक्टमधलं कलम 46 ‘अनैसर्गिक’ वर्तनाला आजही सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं.

मुंबईत काम करणारे दिग्दर्शक ओनिर यांनी या कोंडीला हात घातला. मेजर जे. सुरेश यांनी लष्कर सोडल्यावर, 2020 मध्ये, आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन ओनिर यांनी पटकथा लिहिली. संरक्षण मंत्रालयाने 2022 मध्ये तिला ना हरकत प्रमाणपत्र नाकारलं. काश्मीरमधला सैनिक आणि तिथला तरुण यांचं प्रेम दाखवल्याने लष्कराची प्रतिमा मलिन होते, सुरक्षेचेही प्रश्न उभे राहतात, असं कारण सरकारने लोकसभेत दिलं. नकाराचं हे लेखी कारण या क्षेत्रातला मोठा दस्तऐवज आहे. तेव्हा चित्रपट झाला असता तरी इतकं उघड विधान क्वचितच हाती लागलं असतं.

नव्या वाचकाने सुरुवात आर्मी ॲक्टपासून करावी, मग वलंगकरांकडे यावं. ओनिर यांची बाजू वाचण्याआधी मेजर सुरेश यांची मुलाखत ऐकावी. पटकथा त्यांच्या आयुष्यातून निघाली आहे, आणि ते स्वतः बोलत आहेत.