जुन्या दुनळी बंदुकीचा दस्ता

दस्ता म्हणजे बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्याला, गालाला व हाताला टेकणारा बंदुकीचा लाकडी भाग होय. या लेखात शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेल्या, छऱ्यांच्या जुन्या ब्रिटिश बंदुकांच्या दस्त्याचे माप आणि त्याची पुनर्बांधणी यांची माहिती दिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा बंदुका प्रामुख्याने लंडन व बर्मिंगहॅम येथे घडवल्या गेल्या. उंची बंदुकीचा दस्ता मूळ गिऱ्हाइकाच्या अंगकाठीनुसार केलेला असे. त्यामुळे बंदूक दुसऱ्याच्या हाती गेली की तो जुळेलच असे नाही.

मापाचे महत्त्व

छऱ्यांच्या बंदुकीला सहसा मागची माशी नसते; नेमबाजाचा डोळाच तिचे काम करतो. गाल दस्त्यावर कोठे टेकतो यावर डोळ्याची जागा ठरते. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर सुमारे ९० सेंमी धरल्यास, डोळा ३ मिमी सरकल्याने ३६ मीटरवर छऱ्यांचा मारा सुमारे १२ सेंमी ढळतो.

प्रमुख मापे

* लांबी : पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागील टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. ब्रिटिश बंदुकांत ते बहुधा ३७ सेंमीच्या आसपास असते.
* उतार : नळ्यांच्या वरच्या रेषेपासून दस्त्याची वरची कड किती खाली आहे ते माप. ते गालाजवळ सुमारे ३८ मिमी व टाचेजवळ ५० ते ५७ मिमी असते.
* कल : दस्त्याचा बाजूकडील झुकाव. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी तो उजवीकडे, तर डावखुऱ्यासाठी डावीकडे असतो.

ही मापे ठरवण्यासाठी सांधे असलेला, हवा तसा फिरवता येणारा दस्ता बसवलेली खास बंदूक वापरतात.

जुन्या दस्त्यात फेरफार

लाकूड निर्दोष असल्यास नवा दस्ता करण्याची गरज नसते. मुठीजवळचा भाग गरम जवसाच्या तेलाने किंवा अवरक्त दिव्याने तापवून, साच्यात आवळून, हळूहळू वाकवता येतो. तो नंतर थोडा मूळ स्थितीकडे परतू शकतो, आणि जुनी चीर असल्यास ती वाढण्याचा धोका असतो. आखूड दस्त्याला मागे रेषा जुळणारे लाकूड किंवा रबरी गादी जोडतात.

नवा दस्ता बसवणे

अनेक वर्षे तेल मुरून पुढचा भाग मऊ झाला असेल, किंवा मूठ तडकली असेल, तर नवा दस्ता करावा लागतो. त्यासाठी पूर्ण वाळलेले अक्रोडाचे लाकूड निवडतात. मुठीतून जाणाऱ्या लाकडाच्या रेषा सलग असणे आवश्यक असते. आडव्या रेषांची मूठ धक्क्याने मोडते.

कारागीर लोखंडी यंत्रणेला काजळी लावून ती लाकडावर दाबतो आणि काळा डाग उमटेल तेथे पटाशीने तासतो. संपूर्ण पृष्ठभाग सारखा टेकेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. धक्का एकाच जागी बसला तर लाकूड फाटते. १८७५ साली ॲन्सन व डीली यांनी काढलेल्या बॉक्सलॉक रचनेपेक्षा, बाजूला पट्ट्या असलेल्या साइडलॉक रचनेत हे काम अधिक नाजूक असते. शेवटी मुठीवर चौकटीच्या बारीक खाचा कोरतात व जवसाच्या तेलाचे अनेक हात देतात.

मूळ स्वरूप आणि मूल्य

साध्या बंदुकीच्या बाबतीत नव्या दस्त्याचा खर्च बंदुकीच्या किमतीहून अधिक होऊ शकतो. शिवाय मूळ लाकडाबरोबर मूळ कारागिराचे काम नाहीसे होते. म्हणून दुरुस्ती शक्य असेल तोवर जुना दस्ता राखणे इष्ट मानले जाते. तो बदलावाच लागला, तर मूळ मालकाच्या आद्याक्षरांची चांदीची चकती नव्या दस्त्यात बसवण्याची प्रथा आहे. खर्च करण्यापूर्वी नळ्यांची जाडी व प्रूफ हाउसच्या चाचणीच्या खुणा तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. नळ्या निकामी असतील तर उत्तम दस्ताही बंदूक सुरक्षित करू शकत नाही.

भारतात बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक आहे. बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही परवाना लागतो.