लाईन विकली, पण गिऱ्हाईक कुणाचं?

परवा पहाटे आमच्या गल्लीत पेपर टाकणारे मामा आले ते एकटे नव्हते. मागनं दुसऱ्या सायकलवर एक पोरगा होता. "उद्यापासनं ह्यो येणार. लाईन दिली त्येला. गुडघं साथ देत न्हाईत आता," मामा म्हणाले आणि पोराला एकेक दार दाखवत पुढं गेले. कुठल्या घरी पेपर कडीला अडकवायचा, कुठं कुत्रं मोकळं असतं, बिल कोण दहा तारखेच्या आत देत नाही, सगळं तोंडी.

'लाईन दिली' म्हणजे विकली. यात नवल काही नाही मंडळी. पेपरची लाईन, दुधाचा रतीब, मुंबईतल्या डबेवाल्यांची गिऱ्हाइकं, हे सगळं पैसे मोजून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. तिकडं इंग्लंडात घरोघरी खिडक्यांच्या काचा पुसणारेसुद्धा आपली ठरलेली घरं अशीच विकतात, महिन्याच्या कमाईच्या काही पट भाव लावून.

पण विकलं काय जातं? सायकल मामांनी घरीच ठेवली. पेपर तर कंपनीचा. आणि आपण गिऱ्हाइकं म्हणजे काय मामांच्या गोठ्यातली म्हसरं नाही. मग त्या पोरानं पैसे कशाचे दिले? हा प्रश्न आजचा नाही, म्हणून जरा मागं जाऊया.

शिवकाळात आणि पेशवाईत याचं उत्तर सरळ होतं. गावाची सेवा करायचा हक्क म्हणजे वतन, आणि वतन ही मालमत्ता. पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण तर होतंच, पण सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांचं बलुतंसुद्धा वतनच. ते वारशानं जायचं, भावाभावांत वाटलं जायचं, गहाण पडायचं आणि विकलंही जायचं. दुष्काळात, कर्जात सापडलेल्या पाटलानं अर्धी पाटीलकी विकल्याचे कागद आपल्या दप्तरांत आहेत. त्या कागदांत मानपान आणि हक्क कलमवार लिहिलेले असायचे. गोत जमायचं, साक्षी पडायच्या. नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांकडं यजमानांच्या वह्या असतात. कुठल्या गावचं कुठलं घराणं कुणाकडं, हे त्यात लिहिलेलं. वाटणीच्या वेळी त्या वह्या जमिनीसारख्या मोजल्या जायच्या. म्हणजे गिऱ्हाइकांची यादी ही इस्टेट, ही गोष्ट आपल्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे.

फरक एवढाच, की त्या यादीतल्या माणसाला यादीबाहेर पडायची मुभा नव्हती. जोशी आवडो न आवडो, दक्षिणा त्यालाच. आणि सेवा करणाऱ्यालाही सुटका नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं 'गाव-गाडा' हे पुस्तक वाचलं, तर गावाची ही गुंतागुंत लक्षात येते.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज सत्यशोधकांनी उठवला. १८८०च्या दशकात जुन्नरजवळच्या ओतूरमध्ये बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावलं, तर ग्रामजोशी कोर्टात गेले. आम्हाला बोलावलं नाही तरी आमचा हक्क बुडाला, हे त्यांचं म्हणणं. आजच्या भाषेत सांगायचं, तर दुकान बदललं म्हणून जुन्या दुकानदारानं गिऱ्हाइकावर दावा लावला!

कोल्हापुरात तर गिऱ्हाईक खुद्द छत्रपती होते. वेदोक्ताचं प्रकरण आपल्याला नव्यानं सांगायला नको. राजोपाध्यांनी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला आणि १९०२ साली शाहू महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. सेवा देणार नसाल तर हक्क कसला, हा साधा हिशोब. पुढं १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनंही मोडली. तुकडाभर जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घरानं राबायचं, ही वेठ संस्थानात संपवली. ब्रिटिश मुलखात मात्र १८७४चा वतन कायदा चालूच होता. तो बदलावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. तिथली कनिष्ठ वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं.

म्हणजे माणूस विकत घ्यायची सोय गेली. मग उरलं काय? उरला विश्वास. आणि त्याचाही धडा कोल्हापुरातच आहे. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे, बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. हुकूम काढून गिऱ्हाईक आणता आलं असतं, पण महाराजांनी ओळख करून दिली. आपला मान त्यांनी त्या दुकानाच्या मागं उभा केला.

आमच्या मामांनी परवा दारोदार फिरून जे केलं, ते याच जातीचं. "पोरगं चांगलं आहे" हा मामांचा शब्द, आणि उद्यापासून या गल्लीत मी पेपर टाकणार नाही ही हमी, या दोनच गोष्टी विकल्या जातात. इंग्रजीत त्याला गुडविल म्हणतात.

आता मुद्द्याचं. ही हमी कायदा मानतो. १८७२च्या करार कायद्यातलं कलम २७ सांगतं, की कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. पण त्याला एक अपवाद आहे, आणि तो गुडविल विकणाऱ्याचा. अमुक हद्दीत, घेणाऱ्याचा धंदा तिथं चालू आहे तोवर, मी तोच धंदा करणार नाही, असं तो लिहून देऊ शकतो. फक्त हद्द वाजवी पाहिजे. मंगळवार पेठेतल्या चार गल्ल्या चालतील, अख्खा जिल्हा म्हणाल तर कोर्ट ऐकणार नाही.

आणि आपण काय करतो? चहाच्या टपरीवर व्यवहार, निम्मे आज, निम्मे दिवाळीला. मग दोनशे घरं सांगितलेली असतात, त्यातली तीस कधीच बंद झालेली निघतात. मागची उधारी कुणी गोळा करायची यावर भांडण. सहा महिन्यांनी विकणाऱ्याचाच पुतण्या त्याच गल्लीत स्वस्तात पेपर टाकायला लागतो. तीनशे वर्षांपूर्वीचा अडाणी म्हणवला जाणारा पाटील गोत जमवून, साक्षी घालून वतन विकायचा. आणि आम्ही शिकलेले लोक तोंडी!

ज्याच्याकडं ना पेन्शन ना फंड, त्याच्यासाठी ती लाईन हीच आयुष्याची पुंजी. घेणाऱ्या पोरानं बहुतेक कर्ज काढलेलं असतं. आणि गिऱ्हाईक कुणाला बांधील नाही, ते कधीही जाऊ शकतं. मार्च २०२०मध्ये मुंबईची लोकल थांबली, तेव्हा डबेवाल्यांकडं लाईन होती, पण डबा द्यायला ऑफिसात माणूस नव्हता. पेपरचंही तेच. मोबाईल आल्यापासून घरं कमी होतायत. भाव ठरवताना हे धरायला नको का?

म्हणून एवढंच सांगणं. लाईन घेताना महिनाभर जुन्या माणसाबरोबर फिरा, घरं स्वतः मोजा. यादी, उधारी, हद्द आणि हप्ते साध्या मराठीत कागदावर लिहा, गल्लीतले दोन साक्षीदार घ्या. विक्रेत्यांच्या संघटनांनी एक छापील नमुना काढला, तर वकिलाचा खर्चही वाचेल. आणि आपण गिऱ्हाइकांनी? नव्या पोराला चार दिवस सांभाळून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात एखादा पेपर चुकला म्हणून लगेच बंद करू नका. आपल्या त्या चार दिवसांवर मामांचे राहिलेले हप्ते आणि पोराचं कर्ज दोन्ही अवलंबून आहेत.

तुमच्या पेठेत लाईन कशी दिली-घेतली जाते? लिहा खाली. घेतलेली असेल तर अनुभव जरूर सांगा, दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान वाचेल.