गुरुवारची सुट्टी

पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला रविवारपेक्षा गुरुवार जवळचा. भोसरीपासून चाकणपर्यंत अनेक कारखान्यांना याच दिवशी साप्ताहिक सुट्टी असते. गावाकडची फेरी, बँकेची कामं, सोयरिकीची बोलणी, सगळं गुरुवारी उरकायचं. ही सुट्टी आली विजेच्या तुटवड्यातून. सगळ्या कारखान्यांचा भार एकाच वेळी पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले. त्याला ‘स्टॅगरिंग डे’ म्हणत. पुण्याच्या वाट्याला गुरुवार आला आणि अंगवळणी पडला.

विजेसाठी या भागाने मोजलेली किंमत मात्र त्याहून जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून मावळ-मुळशीत अडवलेलं पाणी टाटांनी घाटाखाली वळवलं. 1915 मध्ये खोपोली, 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा अशी वीजकेंद्रं सुरू झाली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. जमिनी गेल्या मुळशीकरांच्या आणि दिवे लागले मुंबईत.

या भागात कारखानदारी नंतर आली. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच वर्षी कोयनेची वीज मिळू लागली. पुढे टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स आली. 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महानगरपालिका. शहराची वाढ शिफ्टच्या भोंग्यावर झाली.

लाइट जाणं म्हणजे काय, हे लहान वर्कशॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सीएनसी मशीनवर कट चालू असताना वीज क्षणभर जरी गेली तरी टूल तुटू शकतं आणि तासभर घडवलेला जॉब भंगारात जातो. फाउंड्रीत तर भट्टीतला वितळलेला धातू आतच थिजण्याची भीती. मोठ्या कंपनीकडे डीजी सेट असतो. चार मशीनवाल्याला डिझेल परवडत नाही.

2005-06 च्या भारनियमनात पुण्याने एक तोड काढली. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी स्वतःची जनित्रं चालवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि महागड्या डिझेलचा फरक जास्त वीज वापरणाऱ्यांच्या बिलातून वसूल करायचा. राज्य वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने 2006 मध्ये ‘पुणे मॉडेल’ सुरू झालं. ते पैसेवाल्या शहरापुरतंच होतं, खेड्यांतला अंधार तसाच राहिला, हा आक्षेप खराच. पण कोण किती सोसणार, हे निदान आयोगापुढे उघडपणे ठरलं.

आता विजेचा नवा ग्राहक आला आहे: डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यातून क्लाउड सेवा सुरू केली. पुढे 2022 मध्ये पिंपरी वाघेरेत सुमारे 25 एकर आणि 2024 मध्ये हिंजवडीत सुमारे 16 एकर जमीन घेतली. डेटा सेंटरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल घडवताना हजारो चिप आठवडेच्या आठवडे अखंड चालतात, आणि त्यांची उष्णता काढायला आणखी वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने जगभरातल्या डेटा सेंटरांनी 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. 2030 पर्यंत हा आकडा 945 अब्जांच्या घरात जाईल.

लेथला आठवड्यातून एक दिवस थांबवता आलं. सर्व्हरला गुरुवार नाही. म्हणूनच ज्या सबस्टेशनवर भोसरीतला चार मशीनवाला अवलंबून आहे, त्याच सबस्टेशनवर मोठं डेटा सेंटर जोडायचं असेल, तर नव्या वाहिन्यांचा खर्च कोणी उचलायचा आणि तुटवड्याच्या वेळी कोणाचा भार आधी उतरवायचा, हे जोडणी देण्याआधीच जाहीर सुनावणीत ठरायला हवं. त्या सुनावणीत लघुउद्योजकांची खुर्ची पुढच्या रांगेत असायला हवी.