स्वमग्न की विषयमग्न? वाई-मिरजेच्या दप्तरांतून एक शोध

'ऑटिझम'ला मराठीने दिलेला प्रतिशब्द 'स्वमग्नता'. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून तो आला. पण तो अर्धेच सांगतो. अनेक ऑटिस्टिक माणसे स्वतःत नव्हे, एखाद्या विषयात बुडालेली असतात. डायना मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले की, त्यांचे अवधान एका वेळी थोड्याच वाटांनी वाहते, पण फार खोल जाते. प्रवाह तोडला की क्लेश, वाहू दिला की आनंद.

मित्रहो, असल्या अवधानाचे मोल जाणायला सातारा-सांगलीकडची दप्तरे पाहावीत.

वाईत सापडलेल्या पत्रांतून वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. मोडी पत्रात शब्द सलग, विरामचिन्हे नाहीत. तारीख 'छ ५ रजब' अशी, वर्ष पुष्कळदा नाहीच. ते ठरवायचे तर एखादा मुक्काम, एखादे नाव दुसऱ्या पत्राशी जुळवत बसावे लागते. आधी तपशील, मग चित्र. तिकडे मिरजेत, शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे १८९७ पासून पटवर्धनी कागदांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध करीत होते. १९२४ मध्ये ते निवर्तले.

राजवाडे विक्षिप्त म्हणून गाजले: गावोगाव पायपीट, हाताने स्वयंपाक, मतभेद होताच संस्था सोडून जाणे. म्हणून ते ऑटिस्टिक होते काय? तसे म्हणायला आधार नाही, आणि मृतांचे निदान करणे हे इतिहासकाराचे कामही नव्हे. योगायोग एवढाच की, ते वारले त्याच १९२६ साली ग्रुन्या सुखारेवा यांचा सहा मुलांवरचा निबंध जर्मन भाषेत आला. त्यात उणिवांबरोबर गुणांचीही नोंद होती. लिओ कॅनर यांचा अकरा मुलांवरचा प्रसिद्ध निबंध १९४३ चा.

आणि खंड छापून दाखवले तरच वेगळेपण सार्थ, असा हिशेब नको. काही जण बोलत नाहीत, काहींना जन्मभर आधार लागतो. फिरत्या चाकाकडे तासभर पाहण्यातले त्यांचे सुखही सुखच. 'आमच्यासाठी शोक करू नका', या आशयाचे आवाहन स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी पालकांना १९९३ मध्येच केले होते.

भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आले. वर्गात मात्र एकच विषय धरून बसलेल्या मुलाला अजूनही आधी वही मिटायला सांगतात.