आसाचे कवच

बैलगाडीचा आस फिरत नाही. त्याच्या दोन्ही टोकांवर चाके फिरतात. भार पेलणे एवढेच त्याचे काम. मोटारीच्या मागील आसाकडे मात्र दोन कामे आली : भार पेलणे आणि चाकांना गती देणे. या दोहोंचा मेळ घालणारी वस्तू म्हणजे आसाचे कवच, कारखान्याच्या भाषेत ‘हाउसिंग’.

वळणावर बाहेरच्या चाकास आतल्यापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच फिरत्या दांड्यास जखडली, तर त्यांतील एक घसटत जाणार. पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७-२८च्या सुमारास दातेरी चक्रांची योजना करून ही अडचण दूर केली, तीच ‘डिफरन्शियल’. आरंभीच्या अनेक मोटारींत गती साखळीने चाकांपर्यंत जाई. १८९८ साली लुई रेनो याने साखळी वगळून दांड्याने ती मागे नेली. पुढे ही चक्रे, दांडे आणि तेल यांना धुळीपासून जपणारे, शिवाय गाडीचे ओझे वाहणारे पोलादी कवच रूढ झाले.

आपल्याकडे मोटारीचे भाग प्रथम पेट्यांतून आले. फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये येथे केवळ जोडणीचे काम मांडले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिले वाहन बाहेर पडले. ज्यांच्यापाशी निर्मितीचा कार्यक्रम नाही त्यांनी व्यवसाय आवरावा, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले आणि त्या दोन्ही परदेशी कंपन्यांनी येथील जोडणी बंद केली. कुर्ल्याची फियाट, पुढची पद्मिनी, मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावली. तिचा मागील आस अखंड कवचातला, कमानपाट्यांवर बसविलेला होता.

जोडणे आणि घडविणे यांतील अंतर कवच कापावयास घेतले म्हणजे कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील हौशी मंडळी रुंद टायर बसविण्यासाठी कवच आखूड करू लागली. नळी कापणे सोपे. ती सरळ जोडणे अवघड. वेल्डिंगची जागा थंड होताना आकसते आणि नळीस आपल्याकडे ओढते. म्हणून कवचातून एक जाड, सरळ दांडा आरपार घालतात, समोरासमोरच्या बाजूंनी थोडे थोडे टाके देतात आणि प्रत्येक वेळी थांबून मोजतात. आतील दांडेही त्याच मापाने आखूड करून त्यांवर नव्याने खाचा पाडाव्या लागतात. रेषा चुकली, तर बेअरिंग व तेलरोधक कडे लवकर झिजते. सांधा कच्चा राहिला, तर धावत्या गाडीचे चाक कलते. ते संकट मालकापुरते राहत नाही. रस्त्यावरील अनोळखी माणसावरही ते कोसळते.

याच विचाराने १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने अशा फेरफारांवर निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कसोशीने पाळण्यास सांगितले. हौसेला स्पर्धेचे बंदिस्त मैदान मोकळे आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र मूळ मापाची जबाबदारी निर्मात्याने उचललेली असते. ते माप बदलणाऱ्याने ती आपल्या शिरावर घेतली, असेच समजले पाहिजे.